ताक दाट आहे

डॉ. प्रद्युम्न वाघोलीकर यांनी विनुताचा लिफाफा उघडला तेव्हा सीतारामकाकांच्या मस्तकावर अठरावा कलश ओतला जात होता. तो मिटून त्यांनी त्यागराजअण्णाच्या हाती परत ठेवला तेव्हा एकोणिसावा. अकरा वर्षांच्या अभ्यासाच्या वाट्याला एका कलशाइतका अवधी आला, आणि कलश लहान होते.

"चांगला छंद आहे," डॉक्टर अण्णाला म्हणाले. विनुता कुंकवाचे तबक घेऊन त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. परंतु बाईच्या अभ्यासाविषयीचे मत तिच्या भावाला कळवावे, एवढा शिष्टाचार डॉक्टरांना अवगत होता. "भगिनींनी वेळ सत्कारणी लावलाय. मोडीला चिकाटी लागते. पण वाचन, दुर्दैवाने, साफ चुकलंय. राजपत्रात ताक कुठून येईल?"

"मीहि हेंच बोललों, सार!" अण्णाने मांडीवर थाप मारली. "ताक म्हणे! महाराज सिंहासनावर बसून ताकाचें लिहितील होय?"

एकच कागद न वाचलेल्या दोन माणसांमध्ये जो सहज स्नेह जुळतो, तो त्या दोघांत तत्काळ जुळला. विनुताने तबक दुसऱ्या हातात घेतले. तिला राग आला नाही. राग येण्यासाठी आपण बरोबर असू अशी निदान पुसट शंका तरी मनात असावी लागते.

तंजावरच्या मेलवीदीवरील कल्याणमंडपात काकांचे सदाभिषेकम् चालले होते. ऐंशी उलटून सहस्र पौर्णिमा पाहिल्याबद्दल माणसाला पुन्हा लग्नाला बसवायचे आणि दोघा नवराबायकोंना भर सभेत चिंब भिजवायचे, अशी ही चाल. काका डोळे मिटून बसले होते. जयलक्ष्मीकाकूंचे डोळे मात्र उघडे होते आणि ते स्वयंपाकघराच्या दाराकडे लागलेले होते.

विनुता खांबाआड सरकली. तिथे नंदिता, अण्णाची लेक, चेन्नईहून आदल्या दिवशीच आलेली, भिंतीला टेकून उभी होती.

"अत्या, काय बोलला तो?"

"चूक म्हणाले."

"कुठे चूक? कुठली ओळ?"

"अस्कंच. सगळंच."

"अय्यो! एवढं लवकर?" नंदिताचे मराठी कानांनी शिकलेले होते, तोंडाने नव्हे, राग आला की त्यात तमिळ शिरे. "तू मेल पाठवलीस का नाही, ते सांग पहिलं."

"संध्याकाळपर्यंत आहे वेळ."

"कुठली मेल? हो म्हणायची, का ती दुसरी?"

विनुताच्या मोबाईलमध्ये चार दिवसांपासून एक पत्र तयार होते: माझी तयारी अपुरी आहे, क्षमस्व. हे पत्र तिने रोज एकदा उघडले होते आणि रोज त्यातला एक स्वल्पविराम बदलला होता.

पत्र ज्यांना जायचे होते त्यांना विनुताच्या तयारीविषयी काहीच तक्रार नव्हती. परदेशी विद्यापीठाचा एक प्रकल्प जुन्या मोडी कागदांची छायाचित्रे घेत होता आणि ती वाचणारी माणसे शोधत होता. नंदिताच्या सांगण्यावरून विनुताने अर्ज केला. त्यांनी परीक्षेदाखल तीन कागद पाठवले, तिने वाचून दिले, आणि महिन्याभरात उत्तर आले, जुलैपासून या. काम दोन वर्षांचे. त्यापुढे काय, हे कोणी लिहिले नव्हते. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीतली नोकरी मात्र सोडावी लागणार होती. तिथे विनुता वरिष्ठ साहाय्यक होती, वय सेहेचाळीस, आणि तिथेच जेवणाच्या सुट्टीत, डब्याच्या झाकणावर पुस्तकाची झेरॉक्स उभी करून, ती मोडी शिकली होती. मोडीत आधी आडवी रेघ आखतात आणि मग तिला अक्षरे टांगत जातात. हात उचलत नाहीत, शब्द सुटे ठेवत नाहीत. कुठे तोडायचे हे वाचणाऱ्याने ठरवायचे. स्वतःविषयी काहीही ठरवण्याची सवय नसलेल्या बाईने नेमकी ही लिपी निवडावी, यात विनोद होता. पण कचेरीत तो कळणारे कोणी नव्हते.

आदल्या संध्याकाळी तिने अण्णाला सांगितले. अण्णा बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेला. निवृत्तीनंतर शाखा गेली होती, अधिकार उरला होता.

"चौदा वर्षें आहेत अजून पेन्शनीस," तो म्हणाला होता. "अस्कं टाकून कागद वाचूं जाणार? लोक विचारले तर मी काय सांगूं? बहीण नोकरी सोडली, झुरळें खाल्लेलीं पत्रें वाचते म्हणून सांगूं?"

"मला येतं, अण्णा."

"तुला येतं म्हणून कोण सांगितलें? तूच? हें पाहा. उद्यां डॉक्टर वाघोलीकर येतात. महाराष्ट्रांतून येतात. आपली सनद तूं वाचलीस म्हणतेस नव्हे? लिहून दे. ते बरोबर म्हणाले तर मीच तुला विमानांत बसवतों. चूक म्हणाले तर हें वेड येथेंच सोडायचें. सरी?"

"सरी," विनुता म्हणाली होती.

सेहेचाळीस वर्षांच्या बाईने स्वतःच्या आयुष्याचा निवाडा अशा माणसावर सोपवला, ज्याची तिला ठाऊक असलेली पात्रता दोनच गोष्टींत सामावत होती: तो महाराष्ट्रातून येणार होता आणि मे महिन्यात फेटा बांधणार होता. राजवाड्याच्या आसपासच्या या गल्ल्यांतून महाराष्ट्राविषयी जी श्रद्धा आहे, ती महाराष्ट्र न पाहिल्यामुळे टिकलेली आहे. डॉक्टर ज्या वारसा मंडळाचे अध्यक्ष होते त्याचे दुसरे सभासद कोण, हेही कोणी विचारले नव्हते.

आणि सनद. कुटुंबातले सर्वजण तिला सनदच म्हणत. चांदीच्या नळीत गुंडाळलेला वीतभर रुंदीचा कागद, लग्नामुंजींना बाहेर निघे, पाटावर बसे, कापूर ओवाळून घेई आणि परत जाई. गेल्या दीडशे वर्षांत तो वाचण्याचा विचार कोणाच्या मनात आला नाही, कारण ज्याला नमस्कार करायचा त्याला वाचायचे कशाला? मूळपुरुष भीमसेनपंत हे महाराजांचे प्रधान होते आणि ही त्यांची इनामाची सनद, हे इतके सर्वमान्य होते की आज अण्णाने त्यावर रंगीत स्मरणिकाच छापली होती. तीनशे प्रती दाराशी टेबलावर रचलेल्या होत्या.

स्मरणिकेच्या सहाव्या पानावर घराण्याच्या त्या प्रसिद्ध चालीचाही उलगडा केलेला होता. या घरात कोणतीही पंगत बसली की कोणी अन्नाला हात लावण्यापूर्वी घरातला सर्वांत वडील पुरुष पंक्तीच्या तोंडाशी उभा राहतो, लोटाभर ताक सर्वांदेखत पितो, आणि मोठ्याने म्हणतो, "ताक दाट आहे." मग सगळे जेवतात. तो स्वतः शेवटच्या पंगतीला. अण्णाच्या मते भीमसेनपंतांनी महाराजांवरचा विषप्रयोग ताक आधी चाखून उधळून लावला, त्याची ही खूण. 'अतुलनीय स्वामीनिष्ठा' असे शब्द अण्णाने तिथे वापरले होते आणि त्यांच्यापुढे दोन उद्गारचिन्हे दिली होती.

विनुताने आठ वर्षांपूर्वी, चांदी घासताना, कागद थोडा उलगडून छायाचित्रे घेतली होती. वरच्या सात ओळी मिळाल्या. त्याखालचा भाग दुमडलेला, कापराची काजळी आणि गंधकुंकू यांनी चिकटून लाकडासारखा झालेला. तो सोडवू का, असे विचारल्यावर अण्णाने "देव आहे तो, हात लावूं नको" असे सांगितले. त्या सात ओळी तिने तीन वर्षांत वाचल्या, आणि वाचून घाबरली. त्यात प्रधान नव्हता. नदीकाठच्या एका छत्राचा, म्हणजे वाटसरूंना फुकट जेवण घालणाऱ्या धर्मशाळेचा, कारभारी होता. त्या छत्राचा आज एक खांबही उरलेला नाही. आणि तक्रार होती, ताकाची.

तिने वाचन फाडून पुन्हा केले. पुन्हा ताकच आले. तिसऱ्यांदाही आले. त्यातून तिने जो निष्कर्ष काढला तो कोणत्याही खऱ्या विद्वानाला सुचला नसता: आपल्या घरात ताकाचे एवढे स्तोम आहे, म्हणून आपल्याला कागदातही ताक दिसते, दोष कागदाचा नाही, आपला.

आज एका डॉक्टरने तेच सांगितले. म्हणजे प्रश्न मिटला होता. खांबाआड उभी राहून तिने मोबाईल काढला आणि ते पत्र उघडले.

"अत्या, नको," नंदिता म्हणाली. "निदान जेवण होऊं दे."

माइकवर खरखर झाली.

डॉक्टर वाघोलीकर व्यासपीठावर आले होते. काका-काकू ओल्या अंगानेच खुर्च्यांवर बसले. कोरडे होण्याची परवानगी भाषणानंतर होती. डॉक्टरांनी तंजावरच्या मराठी माणसांना इतिहासाचे जिवंत साक्षीदार म्हटले, त्यांचे मराठी 'किती गोड' म्हणून सांगितले, आणि त्या गोड भाषेत कोणी काही बोलण्यापूर्वी सनदेकडे हात पुढे केला.

"इतिहास गुंडाळून ठेवायचा नसतो!" असे गर्जून त्यांनी नळीतून कागद ओढला आणि दोन्ही हातांनी झटक्यासरशी शेवटपर्यंत उलगडला.

कर्रर्र असा आवाज झाला. काजळीचे पापुद्रे डॉक्टरांच्या पांढऱ्या जाकिटावर पडले. अण्णाने डोळे मिटून घेतले. विनुताच्या हातून मोबाईल निसटता निसटता राहिला, कारण पुढे येऊन ओरडावे असे तिला आयुष्यात प्रथमच वाटले होते.

डॉक्टर वाचू लागले. चष्मा खिशात, आवाज भरदार. "श्रीमंत महाराजसाहेब यांचे आज्ञेवरून... प्रधान भीमसेनपंत यांनी विषप्रयोगाचा कट उधळून जी अतुलनीय स्वामीनिष्ठा प्रकट केली..." काकांची मान हलकेच डोलू लागली. "...आणि हे पहा, हे," डॉक्टरांनी बोट कागदाच्या अगदी तळाशी टेकवले, "इथे स्पष्ट लिहिलंय, बारा गावे इनाम!"

टाळ्या. मागच्या रांगेत कोणी शिट्टीही वाजवली. अर्ध्या मिनिटात राजपत्र संपले.

"अत्या," नंदिता कानाशी कुजबुजली, "हें तर माझ्या अप्पाच्या पुस्तकांतलं आहे. मीच टाइप केलं. अतुल... तो शब्द मी तीनदा चुकले."

विनुताने तो शब्द ऐकलाच होता. तरीही, आणि हे लिहून ठेवण्यासारखे आहे, तिच्या मनात पहिला विचार आला तो असा की कदाचित अण्णाला तो शब्द परंपरेने ठाऊक असेल. बुद्धी स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला एकदा सोकावली की तिला नवे पुरावे लागत नाहीत.

"विनुता!" अण्णाने हाक मारली. "सनद आंत ठेव गे."

कागद नळीत भरणे हे तिचे काम. चांदी घासणे तिचे, म्हणून. ती व्यासपीठावर गेली. डॉक्टर शाल स्वीकारत होते. कागद पाटावर पडला होता, पूर्ण उलगडलेला, आणि दीडशे वर्षे घडीत दबलेल्या दोन ओळी उघड्यावर होत्या. ऊन, धूर, हात, काही न लागल्यामुळे त्यांची शाई वरच्या सात ओळींपेक्षा काळीभोर होती.

डॉक्टरांनी बोट ठेवलेली जागा तिला आधी दिसली. तिथे बारा गावे नव्हती. तिथे 'मोर्तब सुद' होते; हुकूम इथे संपला असे सांगणारी दोन शब्दांची मोहोर, मोडी शिकणारा पहिल्या महिन्यात ओळखतो ती. परीक्षेच्या तिन्ही कागदांच्या शेवटी तिने ती वाचली होती.

मग ती दोन ओळी वाचू लागली. रेघ धरून. तोडत, जोडत. तिचे ओठ हलत होते. आणि शेवटाला येता येता ती हसली. गालातल्या गालात नव्हे, पोटातून. माइक चालू होता आणि ते हसू मंडपाच्या टोकापर्यंत, मागच्या चुलीवरच्या पापनाशमच्या साईराम आचाऱ्यापर्यंत पोहोचले.

"काय झालं, ताई?" डॉक्टरांनी विचारले.

"खालीं दोन ओळी आहेत."

"वाचल्या ना मी त्या."

"नाहीं," विनुता म्हणाली.

शब्द लहान होता, पण कुटुंबात तो तिच्या तोंडून कोणी ऐकलेला नव्हता. अण्णा पुढे आला.

"विनुता, खालीं उतर. मान्यवर आहेत ते."

"मोडी म्हणजे नुसती अक्षरओळख नव्हे, ताई," डॉक्टर समजुतीने हसले. "त्याला एक दृष्टी लागते."

"दृष्टीस चष्मा लागतो," जयलक्ष्मीकाकू खुर्चीतून बोलल्या. "तुमचा खिशांत आहे."

सभेत खसखस पिकली. आज सकाळीच या काकूंनी विनुताला बाजूला घेऊन "पेन्शन सोडूं नको गे पोरी" असे बजावले होते. पेन्शनीविषयीचे त्यांचे मत बदलले नव्हते. डॉक्टरांविषयीचे मात्र पक्के झाले होते.

"एक मिनिट, त्यागू." सीतारामकाकांनी ओला हात वर केला. चाळीस वर्षे त्यांनी शाळेत गणित शिकवले होते आणि पायऱ्या न लिहिता उत्तर देणाऱ्या मुलाला त्यांनी कधी गुण दिले नव्हते. "एका गणितास दोन उत्तरें आलींत. पायऱ्या पाहूं. डॉक्टर, ही शेवटची ओळ बोट ठेवून, एकेक शब्द दाखवत वाचा पाहूं."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिले. "काका, मला त्रिचीहून विमान..."

"एकच ओळ."

"...संदर्भग्रंथांशिवाय अशा भर सभेत असं वाचणं शास्त्राला धरून होणार नाही."

"आत्तां तर वाचलांत," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता; उत्तरपत्रिका कोरी निघाल्यावर येतो तेवढाच खेद होता. "विनुता, तूं."

"काका, माझं चुकलं तर..."

"चुकलं तर मी कान धरीन. पायऱ्या दाखव."

ती पाटाशी बसली. पहिल्या ओळीवर बोट ठेवले आणि वाचू लागली, माइक कोणीतरी खाली धरला. ते वाचन ऐकण्यासारखे नव्हते. ती अडखळत होती, मागे जात होती, "हें 'छत्र', नाहीं, थांबा, 'छत्राचे'," असे पुटपुटत होती. डॉक्टरांच्या अर्ध्या मिनिटापुढे तिला नऊ मिनिटे लागली आणि आत सांबार निवत चालले. पण बोट एकाही अक्षरावरून उडी मारून गेले नाही, आणि दुसऱ्या ओळीपासून काका पुढे वाकून त्या बोटामागे डोळे फिरवू लागले.

"'छत्राचे कारभारी भीमसेन यांसी आज्ञा. तुम्हीं पांथस्थांस ताकांत पाणी घालोन वाढितां, दूध घरास नेतां, ऐसें हुजूर विदित जालें. हे गोष्ट कार्याची नव्हे...'"

"दूध घरास नेतां?" काकूंनी विचारले.

"होय, काकू."

"वाच, वाच."

सात ओळी संपल्या. आता ती काळीभोर शाई. इथून पुढे तिलाही पाठ नव्हते.

"'ऐशियास आजपासोन पंक्तीपूर्वीं तुम्हीं उभें राहोन लोटाभर ताक सर्वांदेखत प्यावें...'"

एकेका चेहऱ्यावर समज पसरत गेली. हे शब्द कोणी पूर्वी ऐकलेले नव्हते, पण त्यांचा नाच प्रत्येकाने जन्मापासून पाहिला होता. विनुताला ते जाणवले, आणि अकरा वर्षे जे कोणत्याही पुस्तकाने दिले नव्हते ते त्या चेहऱ्यांनी दिले. तिच्या वाचनाचा पुरावा समोर ओल्या धोतरात बसलेला होता.

"'...आणि जैसें असेल तैसें मोठ्यानें बोलावें. आपण शेवटील पंक्तीस जेवावें. अंतर न करावें. जाणिजे. मोर्तब सुद.' संपलं."

"म्हणजे हा मान नव्हे," काका म्हणाले.

"नव्हे, काका. शिक्षा."

"चोरीची."

"ताकाच्या."

"तुझा बाप गेला तेव्हांपासून, चौतीस वर्षें, मी ही शिक्षा भोगतों आहें?"

"होय."

"छाती पुढे काढून!" काकू म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की त्यांच्या नव्या मंगळसूत्राची हळद पदराला लागली.

डॉक्टरांनी या गडबडीत शाल घडी करून पिशवीत घातली होती. "एक वेगळा पाठ म्हणून रोचक आहे," ते अण्णाला म्हणाले. "मी यावर लेख लिहीन. ताईंनी मला टिपणं पाठवावीत."

"टिपणें तुमच्या हातांत दिलेलीं होतीं," विनुता म्हणाली. "तुम्हीं परत दिलींत."

जाताना डॉक्टरांनी टेबलावरच्या स्मरणिकेची आणखी एक प्रत घेतली.

अण्णा त्या टेबलाशीच उभा होता, रचलेल्या तीनशे प्रधानांसमोर. त्याला काही विचारण्याचे धाडस कोणी केले नाही. आणि केळीची पाने मांडली गेली, माणसे बसली, साईराम पितळी लोटा घेऊन पंक्तीच्या तोंडाशी आला. पण कोणी जेवायला सुरुवात करेना. सगळे काकांकडे पाहत होते. आता करायचे काय? चाल सोडायची, तर दोनशे वर्षांची चाल; चालवायची, तर चोराची.

काका उठले. कोणाचा हात न धरता पंक्तीच्या तोंडाशी आले. लोटा घेतला आणि ताक प्यायले, सावकाश, गणिताच्या मास्तराने दुसऱ्याची रीत तपासावी तसे. लोटा रिकामा केला. मिशा पुसल्या.

सगळा मंडप ते तीन शब्द ऐकण्यासाठी थांबला.

"पातळ आहे," काका म्हणाले.

राजाज्ञा निघाल्याला दोनशे वर्षे होत आली होती. तिचे पालन त्या दिवशी प्रथमच झाले.

"मामा!" साईराम किंचाळला. "उन्हाळा आहे, नीरमोर आहे तें, पातळच करतात! आमचे आजोबांपासून तुमच्याकडे वाढतों, कधीं कोणी पातळ म्हणालें नाहीं!"

"तेंच तर," काका म्हणाले. "तुझी चूक नाहीं, बाबा. कधींच दाट नव्हतें. मी म्हणत होतों."

"घरींहि नव्हतें," काकूंनी पुस्ती जोडली. "मीच पाणी घालत होतें. पाहत होतें, कधीं बोलतात."

पंगत हसली आणि जेवू लागली. विनुता स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. मोबाईल काढला. ते पत्र अजून उघडेच होते: माझी तयारी अपुरी आहे. आता त्याकडे पाहताना तिला वाटले की या वाक्याला स्वल्पविरामाची गरज कधीच नव्हती, 'इथे संपले' असे सांगणाऱ्या मोहोरेची होती. तो हुकूम नव्हता, नुसती सवय होती. तिने ते पुसले. नवे पत्र एका ओळीचे झाले. जुलैत येते, आणि एक कागद सोबत आणते, त्याचे छायाचित्र तुमच्या संग्रहात असावे. तिने ते दुसऱ्यांदा वाचले नाही. पाठवले.

मान वर केली तर समोर अण्णा.

"पाठवलीस?"

"होय."

अण्णाने दाराच्या चौकटीला हात टेकला. सकाळचा शाखाधिकारी कुठे दिसत नव्हता. एक बासष्ट वर्षांचा माणूस होता, ज्याचे पूर्वज एका तासात प्रधानाचे ताकचोर झाले होते. "मीहि वाचायला पाहिजे होतें ग," तो म्हणाला. "तीनशे छापण्याआधीं. तूं सांगत होतीस."

"हळू सांगत होतें, अण्णा."

"पेन्शन जाईल तुझी."

"जाईल."

"दोन वर्षांनीं काय करशील?"

"ठाऊक नाहीं."

"मग लोक विचारतील तेव्हां मी सांगूं काय, विनुता? कोणी विचारलें, तुझी बहीण कोठें गेली, कां गेली, तर काय म्हणूं?"

आत काकूंनी कोणाला तरी ताक वाढायला सांगितले, आणि दहा जणांनी एकदम, एका सुरात, "पातळ आहे!" म्हणून ओरडून दाद दिली.

"जैसें असेल तैसें सांग," विनुता म्हणाली, आणि पहिल्याच पंगतीत रिकामे दिसलेल्या एका पानावर जाऊन बसली.